त्या फोटोतल्या रोमा घरांबद्दल थोडं सांगायचंय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रोमानियातल्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांच्या घरांचे फोटो आले होते, पत्र्याचे मनोरे, संगमरवरी खांब, गेटवर सिंह, आणि खाली ओळ होती "भिकाऱ्यांचे राजवाडे". सकाळी चहा घेता घेता वाचली आणि तेव्हापासून ती ओळ काय डोक्यातनं जाईना. दोन-तीन दिवस थांबलो, म्हणलं कोणीतरी जाणकार लिहील, पण कोणाचंच पत्र दिसलं नाही म्हणून मीच लिहायला बसलोय. मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सुधारून घ्या पण मजकूर कापू नका एवढी विनंती.

मी विट्याचा. एकतीस वर्षं बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काढली, आता घरी असतो. मुलगी रोमानियात क्लुजला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिच्याकडे गेल्या वर्षी जूनपासून ऑगस्ट संपेपर्यंत राहून आलो. तिला कामाचे दिवस, मला उद्योग नाही, मग बसनं नाहीतर तिच्या ऑफिसमधल्या एका मित्राच्या गाडीतनं आजूबाजूची गावं बघत फिरायचो. घरं बघायची सवयच लागलीये हो आयुष्यभराची, कुठंही गेलो तरी आधी प्लिंथ बघतो मग माणसं. तुमच्या फोटोतली हुएदिनची घरं मी रस्त्यावर उभं राहून बघितलीयेत, क्लुजहून ओराद्याकडे जाताना साधारण पन्नास किलोमीटरवर ते गाव लागतं आणि गावाच्या तोंडालाच ते मनोरे चमकायला लागतात.

पहिली गोष्ट सांगतो ती छपराची. तो पत्रा कारखान्यातनं आणून नुसता ठोकलेला नाही, हातानं दुमडून, सांध्याला सांधा अडकवून, माशाच्या खवल्यासारखे तुकडे एकावर एक बसवलेत, त्याच्यावर फुलं, चांदण्या, टोकाला कळस. मी तर खाली उभा राहून नुसता बघत बसलो. तो मित्र म्हणाला ह्यांच्यातले गाबोर म्हणून जे रोमा आहेत, मोठ्या काळ्या हॅटा आणि मिशावाले, त्यांचा पिढीजात धंदाच पत्र्याचा, छपरं आणि पावसाच्या पन्हळी करायच्या. चर्चच्या छपरापासून सरकारी इमारतींपर्यंत ह्यांच्या हातच्या पन्हळी आहेत. तिकडं दक्षिणेत तेलेओरमान जिल्ह्यात बुझेस्कु नावाचं गाव आहे, ते असल्या वाड्यांसाठी अजून प्रसिद्ध, तिथले रोमा काल्देराश, म्हणजे तांब्याच्या कढया-हंडे करणारे, नावच त्यांचं कढईवरनं पडलंय. आपल्याकडच्या तांबट आळीतल्या माणसाला कळेल मी काय म्हणतोय ते. १९८९ ला तिथलं कम्युनिस्ट सरकार पडलं, कारखाने बंद पडायला लागले आणि ह्या लोकांना धातू कळत होता म्हणून त्यांनी तांब्याच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराचा व्यापार केला, त्यातनं काही घराणी श्रीमंत झाली आणि त्यांनी असे वाडे बांधले. ह्यात भीक कुठंय?

पण खरं सांगायचं तर मला त्या मोठ्या वाड्यांबद्दल लिहायचंच नाहीये. ते मूठभर आहेत. फोटोवाले तेवढेच काढतात आणि मग जगाला वाटतं सगळे रोमा असेच राहतात. त्याच रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत, आसपासच्या खेड्यांत जी घरं आहेत ती दोन खोल्यांची, तीन खोल्यांची, नवा लाल पत्रा, पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटीच्या डबल काचांच्या खिडक्या, बाहेरून गिलावा नाही, आणि पुढं मात्र मोठं लोखंडी गेट. ती घरं व्यापारावर नाही, मजुरीवर उभी राहिलीयेत, ती सुद्धा परमुलखातल्या.

एका घरात आम्ही गेलो होतो. साठीच्या आसपासची बाई, नवरा वारलेला, दोन मुलगे जर्मनीत, मुलगी इटलीत. त्या मित्राच्या ओळखीतनं जाणं झालं, नाव-गाव लिहीत नाही कारण तिला विचारलेलं नाही. मी बाहेरच्या भिंतीकडे बघत होतो कारण भिंतीत तीन तऱ्हेचा माल दिसत होता, खाली जुनी तांबडी वीट, मधे नवी पोकळ वीट, वर पांढरे हलके ब्लॉक. मी खूण करून विचारलं असं का, तर बाई हसली आणि बोटं मोजत सांगायला लागली. २००९ ला प्लिंथ झाली, तेव्हा थोरला स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेला होता, त्या एका सिझनचे पैसे सगळे जोत्यात आणि जुन्या विटांत गेले. मग दोन वर्षं काहीच नाही कारण स्पेनमध्ये मंदी आली. मग मुलीनं इटलीतनं पैसे पाठवले, ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, त्यात भिंती अर्ध्या चढल्या. मग थोरला जर्मनीत मटणाच्या कारखान्यात लागला, त्यानं वरचे ब्लॉक आणि पत्रा घातला, २०१४ ला खिडक्या, मग धाकट्याचं लग्न, त्यात दोन वर्षं गेली, २०१८ ला बाथरूम. वरच्या मजल्याच्या सळया अजून बाहेर निघालेल्या आहेत, त्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्यात. आपल्याकडं पण कितीतरी स्लॅबवर अशा बाटल्या दिसतात साहेब.

म्हणजे बघा, ज्याला लोक "अर्धवट सोडलेला दिखावा" म्हणतात ती हप्त्याहप्त्यानं बांधलेली भिंत आहे. ह्या माणसांना बँक कर्ज देत नाही, पगाराची स्लिप नाही, जागेचे कागद बऱ्याच जणांचे धड नाहीत, मग रोख पैसा येईल तेवढी वीट चढणार. आणि हातात पैसा ठेवला तर तो आजारपणात, लग्नात, पावण्यारावळ्यात संपतो, भिंतीत घातला की निदान भिंत राहते. माझी आई हेच म्हणायची, दागिना नाहीतर दगड, रोकड टिकत नाही.

आणि ही घरं वर्षातला बराच काळ बंद का दिसतात हे पण त्याच बाईनं सांगितलं, म्हणजे सांगायची गरजच नव्हती, कॅलेंडर होतं भिंतीवर, त्यात ऑगस्टचा महिना लाल पेनानं घेरलेला. ऑगस्टमध्ये सगळे येतात. मी स्वतः बघितलं की ऑगस्ट लागला तशा त्या गल्लीत जर्मन, इटालियन, फ्रेंच नंबरच्या गाड्या यायला लागल्या, टपावर बांधलेले सोफे, फ्रिज, सायकली. त्या महिन्यात लग्नं, बारशी, आणि बांधकाम, सगळं एकदमच. पोरं सुट्टीवर आलेली आणि सुट्टीत गवंड्याच्या हाताखाली माल कालवतायत, स्वतःच्याच घराचा बिगारी स्वतःच. तीन आठवडे झाले की परत गेटला कुलूप आणि आत म्हातारी आणि नातवंडं.

आता हे लोक परदेशात जातातच का हा प्रश्न येतो आणि तिथं तुमच्या पुरवणीनं एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. सध्याच्या रोमानियाचे जे जुने भाग होते, वालाकिया आणि मोल्दाविया, तिथं रोमा लोक गुलाम होते. खरेखुरे गुलाम, विकत घ्यायचे आणि द्यायचे, राजाचे, मठांचे, जमीनदारांचे, जवळजवळ पाचशे वर्षं. मोल्दावियात १८५५ ला आणि वालाकियात १८५६ ला ते शेवटी सुटले, आणि सुटताना नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, ह्यांना जमीन नाही की काही नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, तिथल्याच सरकारनं साधारण २५ हजार रोमा पूर्वेला त्रान्सनिस्त्रिया नावाच्या भागात नेऊन टाकले, त्यातले जवळपास ११ हजार उपाशी आणि थंडीनं, टायफसनं मेले. कम्युनिस्ट काळात सामुदायिक शेतीवर आणि कारखान्यात मजूर म्हणून कामं मिळाली हे खरं, पण १९९१ ला कायदा करून शेतजमिनी परत वाटल्या तेव्हा त्या जुन्या मालकांना मिळाल्या, ज्याच्या आज्याकडंच जमीन नव्हती त्याला कुठली मिळणार. कारखान्यातनं पहिली कपात पण ह्यांचीच. मग हातात उरलं काय, तर अंगमेहनत.

२००२ पासून रोमानियन पासपोर्टवर युरोपात व्हिसाशिवाय जाता यायला लागलं, २००७ ला देश युरोपियन युनियनमध्ये गेला, आणि २०१४ पासून सगळ्या सदस्य देशांत कामाला मोकळीक मिळाली. रोमा आणि बाकी रोमानियन दोघंही गेले, लाखोंनी गेले. कोणी टोमॅटो, द्राक्षं, शतावरी (म्हणजे अ‍ॅस्पॅरॅगस, तिकडची भाजी) काढायला, कोणी भंगार गोळा करायला, कोणी हॉटेलं झाडायला. आणि हो, काही जण पॅरिस-रोमच्या रस्त्यावर हात पसरून बसतात हे पण खरंय, मी लपवत नाही, त्यातलेही पैसे गावाकडं येतात आणि त्यातनंही कुठंतरी पत्रा बसतो. पण त्यावरनं अख्ख्या जमातीच्या घराला भिकाऱ्याचं घर म्हणायचं? २०१० च्या उन्हाळ्यात फ्रान्सनं ह्यांच्या वस्त्या मोडून शेकडो लोकांना परत पाठवलं, त्याआधी २००८ ला इटलीनं तर आणीबाणीच जाहीर केली होती ह्यांच्या वस्त्यांवरनं. आणि मग एप्रिल २०२० ला, लॉकडाऊन कडक असताना, त्याच क्लुजच्या विमानतळावर मजुरांची रांग लागली होती कारण जर्मनीतली शतावरी काढायला माणूस मिळेना, तेव्हा खास विमानं सोडून हेच रोमानियातले हात नेले.

एक गोष्ट मला फार लागली ती सांगतो. आपल्याकडं जसं गावकुसाबाहेर म्हणतो तसं तिथं पण प्रत्येक गावाच्या कडेला, ओढ्याच्या पलीकडे किंवा टेकडीच्या पायथ्याला रोमांची वस्ती असते, वेगळा शब्दच आहे तिकडं त्या वस्तीला. पाणी नाही, रस्ता चिखलाचा. रोमानियाच्या ट्रान्सिल्वेनिया भागात शेकडो वर्षं राहिलेले जर्मन लोक १९९० च्या सुमाराला हजारोंनी जर्मनीला निघून गेले, त्यांची दगडी घरं गावाच्या मधोमध रिकामी पडली. आणि परदेशातनं कमवून आलेल्या रोमा कुटुंबांनी त्यातली काही विकत घेतली. म्हणजे ज्याच्या आज्याला गावात रात्री थांबायची चोरी, त्याचा नातू चर्चच्या समोरच्या घरात राहतो, रोख पैसे मोजून. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत मोठं कौतुक ह्याचं आहे, मनोऱ्यांचं नाही. म्हणून तर गेट एवढं मोठं असतं. त्या गेटकडं बघून आपण हसायचं कशाला, तीन पिढ्यांनी ज्याला गेटच्या आत घेतलं नाही त्याला स्वतःचं गेट मोठं असावं वाटणारच ना.

घराच्या आतलं पण बघण्यासारखं आहे. पुढची खोली एकदम थाटाची, काचेचं कपाट, त्यात कप-बशा, भिंतीवर गालिचा, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि त्या खोलीत कोणी बसत नाही. सगळं जगणं मागच्या अंगाला, परसात एक छोटी पत्र्याची खोली, तिथं चूल, तिथंच जेवण, तिथंच बायका गप्पा मारत भाजी निवडतात. संडास घराबाहेर, लांब. तुमच्या लेखात ह्याची थट्टा केलीये की एवढा वाडा आणि संडास अंगणात. अहो, त्यांच्यातल्या कितीतरी गटांत विटाळाचे नियम कडक आहेत, मारिमे म्हणतात त्याला, अन्न शिजतं त्या छपराखाली संडास नको, कमरेवरचे आणि कमरेखालचे कपडे एका भांड्यात धुवायचे नाहीत, तोंड धुवायचं भांडं वेगळं. माझ्या आजोळी ओव्या गात दळणाऱ्या बायकांनी सोवळ्या-ओवळ्याचे असलेच नियम पाळलेले मी लहानपणी बघितलेत आणि त्या काळात घरात संडास बांधायला सगळ्या म्हाताऱ्यांचा विरोध असायचा. मला ते नियम पटतात असं नाही, पण ते अडाणीपणानं होत नाहीये एवढं तरी समजून घ्या. त्या बाईनं मुलाच्या हट्टापायी घरात बाथरूम केलं पण तिथं फक्त पाहुण्यांना पाठवते, असं ती स्वतः म्हणाली.

आणि त्यांच्या रोमानी बोलीचं तर काय सांगू. दुभाष्या झालेला तो मित्र मधेच फोनवर गेला आणि आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसलो, काय बोलणार. तिनं ग्लासकडे बोट केलं आणि म्हणाली पानी. मी म्हणलं पाणी! मग आमचा खेळच सुरू झाला. नाकाला नाख, कानाला कान, जिभेला छिब, दिवसाला दिवेस, काकाला काको, सासूला सासुय. मोजायला लागली, येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, पुढं सहाला शोव, मग मधले तीन ग्रीकमधनं उचललेले आहेत ते काही कळले नाहीत, आणि दहाला देश, वीसला बिश. घराला म्हणतात खेर. भिंतीवर थापटी मारून ती म्हणाली "मो खेर", माझं घर. हजार वर्षांपूर्वी केव्हातरी उत्तर हिंदुस्थानातनं निघालेली ही माणसं हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, ते मला त्या परसातल्या खोलीत कळलं. डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो.

आता माझ्या भागाचं एक सांगतो म्हणजे मी एवढा का तळमळतोय ते कळेल. आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं तुम्हाला माहीत असतील, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळ, तामिळनाडू, पार पंजाब-आसामपर्यंत गेलेली. दुष्काळी गावं, विहिरीला पाणी नाही, आणि गावात शिरलं की तीन-तीन मजली बंगले, ग्रॅनाइट, गेटवर सिंह. अगदी तेच सिंह! वर्षभर कुलूप, यात्रेला आणि दिवाळीला दारं उघडतात, बाकी एक म्हातारा-म्हातारी मागच्या खोलीत. आम्ही काय त्यांना म्हणतो? म्हणतो पोरांनी नाव काढलं. मी स्वतः त्यातली आठ-दहा घरं बांधून घेतलीयेत, मालक फोनवर हिशोब विचारायचा आणि वास्तुशांतीलाच पहिल्यांदा घर बघायचा. मग रोमा माणसानं तेच केलं की तो राजवाडा आणि तो भिकारी, हे कसं?

रोमानियाच्या बाहेर पण हेच चालू आहे. बल्गेरियात प्लोव्दिवला स्तोलिपिनोवो म्हणून मोठी वस्ती आहे, तिथली माणसं जर्मनीतल्या डॉर्टमुंडला जातात, इतकी की एका ठिकाणचा शेजारी दुसऱ्या ठिकाणी पण शेजारी. उत्तर मॅसेडोनियात राजधानी स्कोप्येजवळ शुतो ओरिझारी आहे, १९६३ च्या भूकंपानंतर वसवलेलं, आज रोमांची स्वतःची नगरपालिका असलेली जागा, युगोस्लाव्हियाच्या काळापासून जर्मनी-ऑस्ट्रियात राबलेल्यांच्या पैशातनं तिथली कितीतरी घरं उठली.

पण सगळं गोड आहे असं अजिबात नाही, आणि हे पण छापा. २०२१ च्या युरोपियन युनियनच्या पाहणीत ८० टक्के रोमा दारिद्र्याच्या धोक्यात असलेले निघाले. ज्या क्लुजमध्ये माझी मुलगी चांगल्या पगारावर आहे, त्याच शहरात डिसेंबर २०१० मध्ये, ऐन थंडीत, शहराच्या मधल्या कोआस्तेई गल्लीतनं ७६ कुटुंबं उठवली आणि बहुतेकांना पाता रात नावाच्या कचरा डेपोजवळ नेऊन ठेवली. मी तो डेपो लांबनं बघितला, जवळ जायची हिंमत झाली नाही. त्यांच्याकडं परदेशी जायला पण पैसे नसतात, तिकिटाला आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याला कर्ज काढावं लागतं आणि व्याज सावकारी. आणि जे जातात त्यांची पोरं आजीकडं. त्या बाईची नातवंडं, मोठी दहा वर्षांची, व्हिडिओ कॉलवर आईला शाळेतलं सांगत होती, आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास कोणाशी बोलली नाही. ही किंमत तुमच्या फोटोत दिसत नाही.

अजून एक. क्लुजमध्ये नव्या इमारतींच्या साईटवर मला नेपाळी, श्रीलंकन आणि आपल्याकडची पण पोरं दिसली, दोघं तर हिंदी बोलत सेंटरिंग करत होते. रोमानियाची स्वतःची माणसं पश्चिमेला गेल्यामुळं तिथं मजूर कमी पडतात म्हणून रोमानिया सरकारनं २०२२ पासून वर्षाला एक-एक लाख परदेशी कामगारांना परवाने ठेवले होते. म्हणजे त्या बाईचा पोरगा जर्मनीत राबतो आणि त्याच्या गावाजवळच्या साईटवर आपल्या बिहार-पंजाबचा पोरगा राबतो, आणि तोही तिकडं गावात वीट वीट जमवत असणार. त्याच्या घराचा फोटो उद्या कोणी काढला आणि खाली काय लिहिलं तर आपल्याला चालेल?

माझं मागणं एवढंच आहे की त्या ओळीबद्दल पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि जमलं तर त्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरांवर पण एक पान द्यावं. माझ्याकडं छपरांचे, खिडक्यांचे आणि त्या तीन तऱ्हेच्या विटांच्या भिंतीचे फोटो आहेत, माणसांचे नाहीत. हवे असतील तर पाठवतो, पैसे नकोत. फक्त भिंतीच्या फोटोखाली कुठल्या साली कुठला थर चढला ते लिहायचं, ते मी वहीत टिपून आणलंय.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
विटा, जि. सांगली